खांद्याची कैफियत

फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीतून वाढत वाढत आज उत्तर नागपुरातील एक गजबजलेली बाजारपेठ झालेल्या जरीपटक्यात, दिवसभर कापडाच्या किंवा किराण्याच्या दुकानात गल्ला सांभाळणारा तरुण रात्री शटर ओढून घेतले की घराकडे वळण्याआधी जवळच्या जिमचा जिना चढतो, आणि तेथे ज्या एका व्यायामावर त्याची सर्वांत अधिक प्रीती असते तो म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरून लोखंडी बार वर लोटण्याचा, अर्थात बेंच प्रेसचा. बळाची चौकशी करावयाची झाल्यास येथील तरुण एकमेकांना ‘बेंच किती मारतो?’ असेच विचारतात. पायांचे, पाठीचे किंवा दमसासाचे मोजमाप सहसा कोणी पुसत नाही. काही महिने वजन निर्वेध चढत जाते, आणि मग एखाद्या सकाळी दुकानाचे तेच शटर वर ढकलताना, हात कपाळाच्या उंचीवर पोहोचण्याच्या सुमारास, खांद्याच्या बाहेरच्या अंगाला अशी चमक निघते की शटर अर्धवट सोडून दुसरा हात पुढे करावा लागतो.

या चमकेवर दोन प्रकारचे सल्ले त्याच दिवशी मिळतात. घरातील वडीलधारी माणसे व्यायाम कायमचा तहकूब करण्याची आज्ञा देतात, तर जिममधील सोबती, दुखणे अंगावर काढल्याशिवाय ताकद येत नाही, असे बजावून बारवर आणखी एक प्लेट चढवितात. पहिल्या सल्ल्याने खांद्याबरोबर उरलेले सारे शरीरही दुबळे होते, आणि दुसऱ्याने जी तक्रार काही आठवड्यांत मिटली असती ती वर्षभर चिघळते. ज्यांनी ही बाब नीट अभ्यासली आहे ते क्रीडावैद्य आणि फिजिओथेरपिस्ट यांचा मार्ग तिसराच आहे: वेदना नेमकी कोणत्या हालचालीत, किती भाराखाली आणि कोणत्या कोनात उठते हे शोधून, तेवढीच हालचाल आवरती घ्यावी, बाकीचा व्यायाम बिनदिक्कत चालू ठेवावा, आणि दुखऱ्या भागालाही त्याला सोसेल इतका भार रोज देत राहावा. हाच मार्ग मला शहाणपणाचा वाटतो, आणि तो का शहाणपणाचा आहे हे कळण्यासाठी खांद्याच्या रचनेत थोडे खोल शिरावे लागेल.

मानवी देहातील सर्वांत मोकळा सांधा खांद्याचा असून या स्वातंत्र्यासाठी त्याने स्थैर्यावर पाणी सोडले आहे. दंडाच्या हाडाचा वरचा गोल ज्या खोबणीत बसतो ती इतकी उथळ आहे की, बशीत ठेवलेल्या संत्र्याप्रमाणे, त्या गोलाचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्साच तिला टेकलेला असतो. आणि म्हणून त्याला जागच्या जागी ठेवण्याची सारी जबाबदारी खवाट्यापासून निघून त्या गोलाला पुढून, वरून आणि मागून कवटाळणाऱ्या चार लहान स्नायूंवर येऊन पडते. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस ही त्यांची वैद्यकीय नावे, आणि चौघांच्या एकत्रित बंदोबस्ताला रोटेटर कफ म्हणतात. छातीचे आणि खांद्यावरचे मोठे स्नायू हात जोराने हलवितात, आणि हे चार लहान स्नायू त्या जोरात गोल खोबणीबाहेर घसरू नये याची तजवीज करतात. बेंच प्रेसच्या नादात छाती महिनोगणती वाढत राहिली आणि या चौघांकडे दुर्लक्ष झाले, तर ओढणारे बलवान आणि सावरणारे दुर्बळ अशी विषम स्थिती उत्पन्न होते.

या गोलाच्या वर, खवाट्याच्याच एका फांदीचे छप्पर आहे. त्याला अंसकूट म्हणतात. छप्पर आणि गोल यांच्यामधील फट सरासरी एक सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि तीतूनच सुप्रास्पायनेटसची कंडरा व तिच्यावरील द्रवाची पिशवी जाते. हात वर उचलताना खवाटाही त्याबरोबर फिरला तर ही जागा अबाधित राहते. व्हर्न इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून हे सर्वमान्य झाले आहे की, हात खाली लोंबत्या स्थितीतून डोक्यावर सरळ नेण्यासाठी जे सुमारे १८० अंश फिरावे लागते, त्यांपैकी सुमारे १२० अंश खुद्द सांध्यात आणि उरलेले ६० अंश खवाट्याच्या फिरण्यातून येतात. आता बाकावर उताणे पडलेल्या माणसाचा विचार करावा: त्याचे दोन्ही खवाटे स्वतःच्या आणि बारच्या वजनाखाली बाकावर दाबले गेलेले असतात, म्हणजे जो एक तृतीयांश भाग त्यांनी उचलावयाचा त्याला फारसा वावच उरत नाही. उलट आपल्या तालमीतील जोर मारताना तळहात जमिनीवर आणि खवाटे पाठीवर पूर्ण मोकळे असतात. वजनाने जोर बेंच प्रेसची बरोबरी करू शकत नाही हे खरे. परंतु खांद्याच्या दृष्टीने तो अधिक सभ्य व्यायाम आहे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

वेदनेच्या जागेवरून तिच्या उगमाचा अंदाज बराचसा बांधता येतो. खांद्याच्या बाहेरच्या बाजूस, दंडाकडे उतरणारी आणि हात मध्यापर्यंत उचलताना वाढणारी वेदना बहुधा वर सांगितलेल्या कंडरेची असते. खांद्याच्या अगदी माथ्यावर, गळ्याखालचे आडवे हाड म्हणजे जत्रुकास्थी जेथे अंसकूटाला भेटते त्या टोकावर बोट ठेवताच जी उठते, आणि बार छातीला टेकताना किंवा हात दुसऱ्या खांद्याकडे नेताना जी तीव्र होते, ती निराळी. जत्रुकास्थीच्या टोकाची वजनाखाली हळूहळू झीज होण्याचा हा विकार वजने उचलणाऱ्यांतच प्रामुख्याने आढळतो. बर्नार्ड काहिल या अमेरिकन शल्यविशारदाने १९८२ साली अशा ४६ पुरुष खेळाडूंची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील एक सोडून बाकी सारे नियमितपणे वजने उचलणारे निघाले. अशा माणसाने बेंच प्रेस आणि दोन समांतर दांड्यांवरचे डिप्स काही महिने सोडून द्यावेत, आणि तेथे हट्टाला जागा देऊ नये.

येथे एमआरआयच्या कागदाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण त्या कागदावर ‘पार्शल टिअर’ अशी अक्षरे दिसली की तरणीताठी माणसे आपला खांदा निकामी झाल्याचा निकाल स्वतःच लावून मोकळी होतात. १९९५ साली शेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतील ३४ टक्क्यांच्या कंडरा थोड्याफार फाटलेल्या दिसल्या, आणि साठीच्या पुढच्या माणसांत हे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले. वय वाढते तशी कंडराही झिजते, आणि ती झीज पुष्कळदा वेदनेवाचून राहते. शस्त्रक्रियेची कथाही अशीच बोधप्रद आहे. चार्ल्स नीर यांनी १९७२ साली, अंसकूटाचे हाड कंडरेला घासते म्हणून दुखते आणि ते खरवडून जागा मोठी केली की दुखणे थांबते, अशी उपपत्ती मांडली. ती इतकी पटण्यासारखी होती की पुढील चार दशके जगभर ही शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होत राहिली. मात्र २०१८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधील चाचणीत, ज्यांचे हाड खरोखर खरवडले आणि ज्यांच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिली, अशा दोन गटांच्या सुधारणेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, आणि त्याच वर्षी फिनलंडमधील चाचणीनेही तोच निर्वाळा दिला. कंडरा समूळ तुटली असेल किंवा खांदा निखळला असेल तर शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी. परंतु भाराने कुरकुरणाऱ्या सर्वसाधारण खांद्यासाठी योग्य व्यायाम हाच पहिला उपचार ठरतो.

तो व्यायाम कसा करावा? प्रथम वेदनेचे मोजमाप ठरवावे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मापनश्रेणी फिजिओथेरपिस्ट सर्रास वापरतात. व्यायाम करताना तीनपर्यंतची वेदना चालू शकते; मात्र सेट संपल्यावर ती लवकर उतरली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा आदल्या सकाळपेक्षा अधिक दुखता कामा नये. जरीपटक्यातील दुकानदारासाठी याहून सोपी कसोटी रोज समोरच असते: शटर वर ढकलताना काल जेथे चमक निघाली तेथे आज ती तेवढीच किंवा कमी असेल, तर कालचा व्यायाम खांद्याला मानवला, अधिक असेल, तर पुढच्या वेळी वजन किंवा सेट उतरवावेत. ही नोंद वहीत करून ठेवावी, कारण तीन आठवड्यांपूर्वी खांदा कसा होता हे स्मरणशक्ती खरे सांगत नाही.

मग बेंच प्रेसकडे यावे. बहुतेकांचे दोन्ही हात बारवर फार दूर असतात, आणि कोपरे खांद्याच्या रेषेत थेट बाजूला पसरलेली असतात; या स्थितीत बार छातीशी आला की सांध्याच्या पुढच्या भागावर आणि जत्रुकास्थीच्या टोकावर सर्वांत अधिक ताण पडतो. हातांमधील अंतर खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीहून कमी ठेवावे, आणि कोपरे धडाशी सुमारे ४५ अंशांच्या कोनात आणावीत. पुष्कळांचे दुखणे एवढ्यानेच निम्मे उतरते. तरीही दुखत असेल तर बाक सोडून जमिनीवर आडवे व्हावे आणि तेथूनच बार लोटावा. फरशीला कोपर टेकताच बार आपोआप थांबतो, आणि ज्या शेवटच्या तीन-चार इंचांत सांधा मागे ओढला जातो तो टप्पाच गळून पडतो. बारऐवजी तळवे एकमेकांसमोर येतील असे डंबेल धरले तर खांद्याला आपली वाट स्वतः निवडण्याची मोकळीक मिळते. यांपैकी कोणताही प्रकार करताना वजन खाली आणण्यास सावकाश तीन सेकंद द्यावेत. म्हणजे कमी वजनातही स्नायूला पुरेसे काम होते, आणि वजन झेलताना बसणारा हिसका टळतो. छातीचा मोठा स्नायू बेंच प्रेसमध्ये फाटण्याच्या ज्या गंभीर दुखापती घडतात, त्यांतील बहुतेक बार खाली येत असतानाच घडतात, हेही लक्षात असू द्यावे.

डोक्यावर वजन नेण्याचा व्यायाम काही काळ कठीण जाईल. मानेच्या मागून बार वर नेण्याची किंवा मानेच्या मागे ओढण्याची पद्धत तर दुखऱ्या खांद्याने सर्वथा वर्ज्य समजावी. त्याऐवजी बारचे एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात टेकवावे, आणि दुसरे टोक एका हाताने छातीपासून तिरपे वर व पुढे लोटावे. या मार्गात खवाटा मोकळेपणाने फिरतो, आणि हात डोक्यावर सरळ न जाताही खांद्याचे स्नायू राबतात. बैठकीच्या वेळी पाठीवर बार धरण्यासाठी हात मागे वळवावे लागतात, आणि खांद्याची वेदना पुष्कळदा तेथेच जागी होते. पण तेवढ्यासाठी पायांचा व्यायाम सोडण्याचे कारण नाही, बार पुढे खांद्यांवर ठेवून हात छातीसमोर दुमडावेत, अथवा एक जड डंबेल छातीशी उभा धरून बैठका माराव्यात. डेडलिफ्ट बहुतेकांना चालते. रोइंगचे प्रकार तर वाढवावेत: जितके सेट लोटण्याचे, त्याहून थोडे अधिक सेट ओढण्याचे, असा हिशेब निदान खांदा बरा होईपर्यंत ठेवावा. आणि त्या चार लहान स्नायूंसाठी, कोपर बरगडीला टेकवून, मध्ये घडी केलेला टॉवेल धरून, रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला हळू ओढावा. पंधरा-पंधरा वेळा, दोन किंवा तीन सेट, आठवड्यातून तीनदा. हा व्यायाम पाहणाऱ्याला फार किरकोळ वाटतो, आणि म्हणूनच तो जिममध्ये सर्वांत आधी वगळला जातो.

एक बाजू फारच दुखत असेल तर दुसऱ्या बाजूचा व्यायाम थांबवू नये. येल विद्यापीठातील एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ सालीच दाखवून दिले होते की, एकाच हाताने पकडीचा सराव केला तरी सराव न केलेल्या हाताचे बळही वाढते; पुढे झालेल्या अनेक प्रयोगांनी हे खरे ठरविले, आणि हात प्लास्टरमध्ये असताना निरोगी हाताचा व्यायाम चालू ठेवल्यास दुखऱ्या हाताचे बळ कमी घटते असेही आढळले. हे बळ स्नायूंच्या फुगण्यातून येत नसून मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते. निसर्गाने दिलेली ही सवलत घ्यावयास हवी.

अमेरिकेतील ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्रांत भारोत्तोलकांच्या दुखापतींचा जो आढावा १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यात पाठ, गुडघा आणि खांदा या तिघांच्याच वाट्याला सुमारे दोन तृतीयांश दुखापती आलेल्या दिसतात. म्हणजे उत्तमोत्तम प्रशिक्षकांच्या नजरेखालीही हे टळत नाही. मीराबाई चानू यांचे उदाहरण या संदर्भात मोलाचे आहे. २०१८ साली पाठीच्या दुखण्याने त्यांना जकार्ता येथील आशियाई स्पर्धेला मुकावे लागले. २०२० च्या उत्तरार्धात त्या अमेरिकेत ॲरन हॉर्शिग या तज्ज्ञाकडे गेल्या, आणि तेथे त्यांच्या खांद्यांतील असमतोल दुरुस्त करण्यावर परिश्रम घेतले गेले. पुढील एप्रिलमध्ये ताश्कंद येथे त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा जागतिक विक्रम केला, आणि २४ जुलै २०२१ रोजी टोकियोमध्ये एकूण २०२ किलो उचलून ऑलिंपिक रौप्यपदक मिळविले. विश्वविजेतेपद मिळविलेली खेळाडू समतोलाच्या प्राथमिक व्यायामांकडे परतू शकते, तर हौशी माणसाने त्यात कमीपणा मानण्याचे कारण काय?

याच्या उलट बाजूस सांगलीचा संकेत सरगर. २०२२ च्या बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात, क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलोंखाली त्याचे उजवे कोपर दुखावले, आणि तरीही तो तिसऱ्या प्रयत्नासाठी उभा राहिला. तो प्रयत्न फसला, एकूण २४८ किलोंवर त्याला रौप्यपदक मिळाले, आणि सुवर्णपदक अवघ्या एका किलोने गेले. त्या मुलाच्या जिद्दीपुढे मान लवते. परंतु आयुष्यात एकदा येणाऱ्या अंतिम फेरीचा न्याय मंगळवारच्या सरावाला लावणे सर्वस्वी गैर आहे, आणि जिममधील पोरे नेमके तेच करतात.

आपल्या जुन्या तालमींत खांद्याची निगा राखण्याची जी रीत होती तिच्याकडे मी आदराने पाहतो. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून विदर्भात देशी व्यायामाची परंपरा जपत आले आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. या परंपरेतील मुद्गल, म्हणजे लाकडी जोडी, डोक्यामागून फिरवून पुढे आणताना खांदा आपल्या जवळजवळ संपूर्ण आवाक्यातून जातो, खवाटा मोकळा फिरतो, आणि मुद्गलाचे वजन थोडे असूनही त्याच्या लांबीमुळे सावरणाऱ्या लहान स्नायूंना सतत जागे राहावे लागते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी हा व्यायाम आपल्या देशी नेला, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये जोडी फिरविण्याची स्पर्धाही झाली. मुद्गलाने दुखरा खांदा बरा होतो असा दावा मी करणार नाही, तसा पुरावा उपलब्ध नाही. पण दुखणे उतरल्यावर, दोन किलोंच्या आतील जोडीने, आरशासमोर, सावकाश सुरुवात केली तर लोटण्याच्या एकसुरी व्यायामाला हा उत्तम पूरक ठरेल. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा नागपूरचा पारा रात्री दहा अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा बारला हात लावण्याआधी दहा मिनिटे शरीर तापविण्यासाठीही तो उपयोगी आहे.

वेदना ओसरल्यावर जुन्या वजनाकडे परतण्याची घाई हाच खरा घात असतो. कंडरेला रक्तपुरवठा बेताचा असल्याने ती स्नायूपेक्षा फार सावकाश बळावते; स्नायू तयार वाटतो तेव्हा कंडरा अद्याप मागेच असते. म्हणून जुन्या वजनाच्या निम्म्याने आरंभ करून, आठवड्याला अडीच किलोंहून अधिक न चढता, दोन-तीन महिन्यांत परतण्याचा बेत धरावा. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामाला जाणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ज्या मोजमापावर ही सारी पद्धत उभी आहे तेच गोळीने बंद पडते.

काही लक्षणे दिसताच व्यायामाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे: वजन उचलताना ‘कट्’ असा आवाज होऊन हात वर नेण्याची शक्तीच गेली, छातीवर किंवा दंडावर काळेनिळे पडून स्नायूचा आकार बदलला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, रात्री कुशीवर नसतानाही दुखून झोप मोडू लागली, अथवा ताप आला. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडून सर्व बाजूंनी बंद होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो, त्यांनी साखर तपासून घ्यावी. आणि चालताना किंवा जिना चढताना छातीतून डाव्या खांद्याकडे येणारी, घाम फोडणारी कळ ही खांद्याची नसून हृदयाची असू शकते. तेथे एक मिनिटही दवडू नये. जरीपटक्याहून मेयो रुग्णालय फार दूर नाही.

आणि जरीपटक्यातील जिमचालकांना माझी एक विनंती आहे. आपल्याकडे वीस-वीस किलोंच्या प्लेटांची रास असते, पण सव्वा किलोची एक जोडी मागितली तर मिळत नाही, आणि रबरी पट्टे कपाटात कुलूपबंद असतात. सव्वा किलोच्या चार प्लेटा, दोन किलोंपर्यंतचे डंबेल, तीन-चार पट्टे आणि मुद्गलांची एक हलकी जोडी बेंचच्या शेजारीच, सहज हाताला लागेल अशी ठेवावी. खर्च एका नव्या बारहून कमी येईल.